पाळण्याभोवतीचा पहारा

दिवाळीच्या पहिल्या पणतीबरोबर घरात दोन तऱ्हेचे पाहुणे येतात. एकांना आपण पत्र घालून बोलावलेले असते. दुसरे उजेड पाहून आपण होऊन येतात. भातशेतीच्या मुलुखात हे दुसरे पाहुणे म्हणजे तांदळाच्या कणीएवढे हिरवे तुडतुडे. शेतातले भात पिकून कापणीला आले, की त्यांचा आसरा सुटतो आणि दिव्याच्या ओढीने ते ओसरीवर, फराळाच्या ताटात, लक्ष्मीच्या चौरंगावर येऊन पडतात. एरवी ही गोष्ट हसण्यावारी जाते. पण लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली असेल आणि माजघरात पंधरा दिवसांचे मूल झोपले असेल, तर घरातली वडीलधारी बाई हसत नाही. ती पाळण्याजवळचा दिवा उचलते आणि दूरच्या कोनाड्यात नेऊन ठेवते. किडे दिव्यामागे जातात, बाळ अंधारात स्वस्थ झोपते.

ह्या एवढ्याशा हालचालीला मोठा इतिहास आहे. लढायांच्या आणि राज्यांच्या इतिहासात तो सापडावयाचा नाही. पण किड्यामुंग्यांपासून तान्ह्या मुलाचे रक्षण करण्याची विद्या आपल्याकडे किती जुनी, तिच्यात शहाणपण किती आणि भाबडेपणा किती, हे पाहण्यासारखे आहे. दोन बाळंतपणे स्वतःची आणि पुढे लेकीसुनांची काढल्यावर मी ह्या विषयाकडे वळले, तेव्हा मला तो रुक्ष मुळीच वाटला नाही.

घरातल्या किड्यांचे एक पंचांगच असते. चैत्र-वैशाखात ढेकूण माजतात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर वाळवीची पाखरे जमिनीतून उठतात आणि रात्रभर दिव्यावर नाचून सकाळी पंखांचा केर मागे ठेवतात. त्याच सुमारास वारुळात पाणी शिरते, म्हणून मुंग्या अंडी तोंडात धरून भिंतीच्या फटींत राहावयास येतात. आषाढ-श्रावण माशांचे, भाद्रपदापासून पुढचा काळ डासांचा. मूल मात्र पंचांग पाहून जन्माला येत नाही. ते कोणत्याही महिन्यात आले, तरी कोणता तरी शत्रू दाराशी उभाच. शिवाय त्याला हात असले तरी ते त्याच्या ताब्यात नसतात. माशी हाकलता येत नाही, चावले तर खाजवता येत नाही, कुठे चावले ते सांगता येत नाही. त्याला येते ते फक्त रडणे. आणि भुकेचे रडणे कोणते नि मुंगीचे कोणते, हे दुपटे उलगडून पाहिल्याखेरीज आईलाही कळत नाही.

आपल्या जुन्या वैद्यांनी हे ओळखले होते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात बाळाच्या खोलीचे वर्णन आहे. ती खोली कशी असावी? प्रकाशाची असावी, तीत वाऱ्याचा झोत नसावा. आणि तिच्यात उंदीर, दात असलेले प्राणी आणि पतंग, म्हणजे उडते किडे, यांचा शिरकाव नसावा. लगेच पुढे बाळाच्या अंथरुणा-पांघरुणाचा विचार येतो. ती मऊ, हलकी, स्वच्छ असावीत. घामट, मळकी, किडे झालेली कपडे टाकून द्यावीत. दुसरी मिळण्यासारखी नसतील तर तीच नीट धुऊन, धुपवून, वाळवून घ्यावीत. धुपासाठी जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड अशी यादी आहे, तीत सापाची कातही आहे. काश्यपसंहिता तर मुलांच्याच वैद्यकाचा ग्रंथ. तिच्यात धुपावर एक स्वतंत्र अध्याय आहे. पुष्कळसा हेतू भूतबाधा टाळण्याचा होता, हे खरे. पण ज्या वस्तू भुताला अप्रिय मानल्या त्यांतल्या बऱ्याच किड्यांनाही अप्रिय आहेत. वेखंडाच्या तेलात किडे मारण्याचा गुण आहे, हे आधुनिक प्रयोगांनीही दाखवले आहे.

चरकाच्या ह्या उताऱ्यातली एक बारीक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. इथे धूप द्यावयाचा तो कपड्यांना, अंथरुणांना. बाळाला नव्हे.

आता आपल्या घरातली रीत पाहा. माझ्या लहानपणी कोकणात आमच्या घरी माजघराला लागून एक अंधारी खोली होती. तिला एकच झरोका होता, आणि बाळंतिणीसाठी तोही चिंध्यांनी बुजवीत. बाजेखाली शेगडी. संध्याकाळी खापरात निखारे घेऊन त्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणाची साले, वेखंडाचा तुकडा आणि चिमूटभर ऊद टाकला, की खोलीत हात दिसेनासा होई. न्हाऊमाखू घातलेले बाळ पायांवर पालथे धरून त्या धुरावर शेकले जाई. डास पळत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बाळंतिणीच्या डोळ्यांतून पाणी वाहे, हेही पाहिले आहे. तान्हे मूल मिनिटाला चाळीस-चाळीस श्वास घेते, म्हणजे आपल्या दुपटीहून अधिक. त्या इवल्या छातीत धूर किती जात असेल, याचा हिशेब कोणी केला नव्हता. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या विधीत कपड्यांचा धूप बाळाच्या नाकाशी केव्हा आला, हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही.

पण त्याच खोलीत दुसरीही एक रीत होती आणि ती अस्सल शहाणपणाची होती. पावसाळ्यात लंगोट वाळत नसत. तेव्हा शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट, झबली, कुंच्या पसरीत. निखाऱ्यांवर जरासा धूप. कपडे वाळत, ऊब धरत, त्यांना वास लागे आणि त्यांत दडलेली मुंगी वा पिसू बाहेर पडे. चरकाने सांगितलेले ते हेच. अक्षर न ओळखणाऱ्या बायकांनी ते टोपलीच्या रूपाने जपून ठेवले होते.

धुरापेक्षा मला अधिक नवल वाटते ते पाण्याच्या खंदकांचे. दूध-दुभत्याच्या कपाटाचे पाय आपल्याकडे पाण्याने भरलेल्या दगडी वाट्यांत ठेवीत, हे जुन्या घरांत वाढलेल्या सर्वांस ठाऊक आहे. बाळंतिणीच्या बाजेलाही हाच उपाय असे. मुंगीला पोहता येत नाही, एवढ्या ज्ञानावर किल्ला उभा. पाळणा आढ्याला टांगलेला, म्हणून मुंग्यांना वाट एकच, वरून कडीने उतरण्याची. ती कडीला रॉकेलचा बोळा बांधून बंद केली जाई. दूध ओकल्यावर दुपटे तत्काळ बदलावयाचे, कारण मुंगी वासावर येते. ह्यात कोणाला मारणे नाही, कसला धूर नाही. शत्रू आणि बाळ यांच्यामध्ये अडसर घातला, की झाले.

मच्छरदाणी ही ह्याच जातीची युक्ती. बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या पाली ग्रंथांत डासांपासून बचावासाठी जाळीचा आडोसा वापरण्याची परवानगी दिलेली आहे. सुश्रुताने डासांचे पाच प्रकार सांगितले आहेत, म्हणजे त्यांचा उपद्रव वैद्यकात मोजण्याइतका होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो दक्षिणेत आला, तेव्हा श्रीमंतांचे वेताचे हलके पलंग आणि दोरीने ओढून घ्यावयाचे त्यांचे पडदे पाहून त्याने ती हकिकत लिहून ठेवली. मात्र पडदे श्रीमंतांचे. गरिबाच्या घरात जुन्या धोतराचा किंवा लुगड्याचा विरलेला पदरच पाळण्यावर पसरला जाई.

इतके सगळे करीत असताना डास हा केवळ झोपमोड करणारा प्राणी आहे, अशीच समजूत होती. हिवताप दूषित हवेने येतो, असे वैद्य-डॉक्टर मानीत. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले आणि पाळण्यावरच्या त्या विरलेल्या पदराचे मोल एकदम वाढले. मुंबईत १९११ साली डॉ. बेंटली यांनी शहरातल्या हिवतापाचा अहवाल लिहिला. रोगाचे मूळ दलदलीत नसून घरोघरच्या विहिरींत आणि पाण्याच्या टाक्यांत वाढणाऱ्या डासांत आहे, असे त्यांनी दाखवून दिले. विहिरी झाकण्याचा हुकूम निघाला, तेव्हा त्यांना पवित्र मानणाऱ्यांनी विरोधही केला. गिरगावातल्या ज्या चाळीत माझ्या मुलाचा पाळणा हलला, तिथे अंगणातल्या विहिरीवर लोखंडी झाकण होते. ते कशासाठी, हे आम्हां बायकांना कोणी सांगितले नव्हते. आम्ही त्यावर पापड वाळत घालीत असू.

मग डी. डी. टी. आले. पॉल म्युलर यांना १९३९ साली त्याचा कीटकनाशक गुण सापडला आणि १९४८ साली त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी भारतात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना सुरू झाली. फवारणीवाले पाठीवर पंप घेऊन गावोगाव फिरू लागले. मडकी, अंथरुणे आणि पाळणा अंगणात काढून ठेवावयाचा आणि घराच्या भिंती पांढुरक्या करून घ्यावयाच्या. १९६५ च्या सुमारास रुग्णांचा आकडा लाखाच्या आसपास उतरला. हे ऋण थोडे नव्हे. किती पाळणे रिकामे होता होता वाचले असतील!

गंमत अशी, की ह्या मोहिमेला आपल्या सणांचीही अडचण झाली. भिंतीवरच्या थराचा उपयोग तो उघडा राहील तोवर. आपण तर सण आला की भिंती सारवणार, पोतेरा देणार, चुना काढणार. विषाच्या थरावर शेणामातीचा थर चढला की डास पुन्हा निर्धास्त. पण खरा धक्का वेगळाच होता. माश्या, ढेकूण आणि पुढे डासही त्या औषधाला दाद देईनासे झाले. १९७६ साली हिवतापाचे रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. आणि त्याहून मन अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे १९५१ सालीच अमेरिकेत आईच्या दुधात डी. डी. टी. सापडले होते, पुढे आपल्याकडच्या मातांच्या दुधातही ते आढळले. पाळण्याबाहेर ठेवण्यासाठी ज्या शत्रूवर विष फवारले, तो परत आला आणि विष मात्र पदराआडून बाळाच्या ओठांपर्यंत पोहोचले. भारतात शेतीसाठी त्याचा वापर १९८९ साली बंद झाला.

घरात धूर मात्र नव्या रूपाने टिकून राहिला. जपानमधील एईइचिरो उएयामा ह्या गृहस्थांनी १८९० च्या सुमारास शेवंतीच्या जातीच्या एका फुलाच्या भुकटीची डासांसाठी उदबत्ती केली. ती लवकर संपे. तिला वेटोळ्याचा आकार द्यावा म्हणजे रात्रभर जळेल, ही युक्ती त्यांच्या पत्नीची. १९०२ पासून ती वेटोळी बाजारात आली आणि पुढे आपल्याही पलंगाखाली जळू लागली. एका वेटोळ्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे असतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. म्हणजे बाळंतिणीची ती अंधारी खोली गेली, झरोक्यातल्या चिंध्या गेल्या. पण दारे-खिडक्या लावून वेटोळे पेटवले, की पुन्हा तीच खोली.

वेखंडाचीही गोष्ट तशीच. कपड्यांच्या पेटीत ठेवावा, तिथे तो कसर येऊ देत नाही. पण बाळाच्या मनगटात वेखंडाची माळ बांधली, की ती तोंडात जाते. आणि त्यातला एक घटक पोटात जाणे अपायकारक ठरले आहे.

खंदकाच्या वाट्यांनाही आता एक शेपूट जोडावे लागते. डेंगी पसरवणारा पट्टेरी डास अगदी अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडता डास व्हायला त्याला सात-दहा दिवस पुरतात आणि त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन् महिने जिवंत राहतात. तेव्हा मुंग्यांना अडवणारी आजीबाईंची वाटी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासली नाही, तर तीच डासांचा पाळणा होते. हा डास चावतो दिवसाउजेडी. म्हणून मच्छरदाणी रात्रीपुरती, हा नियमही मोडला पाहिजे. तान्हे मूल जेव्हा झोपेल तेव्हा जाळी.

असो. हा सारा हिशेब मांडून पाहिला, की एक गोष्ट लख्ख दिसते. किड्याला मारण्याचे आणि पळवण्याचे उपाय दर पिढीला बदलले. काहींनी मोठे उपकार केले, काहींचे व्याज आपण अजून फेडीत आहोत. पण अडसर घालण्याचे उपाय, म्हणजे जाळी, वाटीतले पाणी, उन्हात वाळवलेले दुपटे आणि पाळण्यापासून दूर नेलेला दिवा, हे दोन हजार वर्षांत जुने झाले नाहीत. ते स्वस्त आहेत. मात्र त्यांना एक किंमत पडते. कोणीतरी रोज वाटी घासावी लागते, जाळीची भोके शिवावी लागतात, दुपटे झटकावे लागते. ही किंमत आजवर घरातल्या बायकांनी एकट्यांनी मोजली आणि तिचा हिशेब कोणी ठेवला नाही.

ह्या दिवाळीला ज्यांच्या घरी पाळणा हलत असेल, त्या घरच्या आजोबांना, काकांना आणि नव्या बापाला माझे एवढेच सांगणे. पहाटेच्या अभ्यंगस्नानासाठी बाळाची आई उठेल, तेव्हा वेटोळे पेटवू नका. जाळी नीट खोचा, दिवा कोनाड्यात ठेवा आणि तासभर पाळण्याशी तुम्ही बसा.