ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य हे महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे व नवी मुंबई या तीन शहरांच्या मधोमध असलेले कांदळवनाचे व खाडीचे संरक्षित क्षेत्र आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याची घोषणा झाली. ऐरोली पूल व वाशी पूल यांच्या दरम्यान, मुख्यतः खाडीच्या पश्चिम काठाला लागून ते पसरले आहे. एकूण १,६९० हेक्टरांपैकी सुमारे ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर जलक्षेत्र आहे. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय. २०२२ मध्ये अभयारण्य व त्याभोवतीचा परिसर मिळून ६,५२१ हेक्टर क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला. नांदूर मध्यमेश्वर व लोणार यांच्यानंतर हा मान मिळालेले महाराष्ट्रातील हे तिसरे स्थळ आहे.

नाव

फ्लेमिंगोला मराठीत रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. ‘रोहित’ या संस्कृत शब्दाचा अर्थ तांबडा. सरकारी नावात मात्र इंग्रजी शब्दच राहिला आहे. ‘कांदळवन’ या शब्दाचीही एक गंमत आहे. कांदळ ही खारफुटीची एक जात, पण या खाडीत बहुसंख्य झाडे तिवराची आहेत. जुने किनारवासी म्हणूनच ‘तिवराचे रान’ म्हणतात, आणि येथील वस्तुस्थितीला तेच नाव अधिक जवळचे आहे.

वनस्पती

खाडीकाठच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, जमीन घट्ट नसते आणि दिवसातून दोनदा खारे पाणी चढते. अशा जागी उगवण्यासाठी प्रत्येक जातीने आपापली युक्ती शोधली आहे. तिवराची मुळे जमिनीखाली आडवी पसरतात आणि त्यांतून पेन्सिलीसारखी असंख्य श्वसनमुळे वर डोकावतात. ओहोटीच्या वेळी ती हवा घेतात. शोषलेले मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. कोरड्या दिवशी पान निरखून पाहिल्यास मिठाचे बारीक कण दिसतात. कांदळ आधारमुळांवर उभा राहतो. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखा कोंब खाली लोंबू लागतो. तो गळून पडला की चिखलात रुततो किंवा भरतीबरोबर दूर जाऊन रुजतो.

पांढरी चिपी ही येथे आढळणारी आणखी एक महत्त्वाची जात. तिची फुले रात्री उमलतात आणि त्यांच्या परागणाला वटवाघळे व पतंग साहाय्य करतात. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिपीला ‘राज्य कांदळवृक्ष’ म्हणून घोषित केले. असा वृक्ष ठरवणारे हे देशातील पहिले राज्य ठरले.

पक्षी व इतर प्राणी

या भागात दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. रोहित पक्ष्यांचे मोठे थवे येथे १९९० च्या दशकापासून दिसू लागले. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ते येऊ लागतात आणि पावसाळा सुरू होईपर्यंत राहतात. धाकटा रोहित संख्येने बराच अधिक असतो, मोठा रोहित त्या मानाने कमी. भराच्या हंगामात दोन्हींची मिळून संख्या एक लाखाच्या पुढे गेल्याची नोंद आहे. भारतातील त्यांची प्रमुख वीण कच्छच्या रणात होते.

धाकटा रोहित चोच उलटी करून पाण्यात बुडवतो, जिभेने पाणी आत-बाहेर खेळवतो आणि चोचीच्या आतील झालरीतून नीलहरित शैवाल गाळून घेतो. पिसांचा गुलाबी रंग या अन्नातील रंगद्रव्यांमुळे येतो. पिले करडी असतात. थव्यातील मळकट पक्षी आजारी नसून अल्पवयीन असतात, हे प्रथमच पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. शहरांच्या सांडपाण्यातील पोषक द्रव्यांमुळे येथे शैवाल माजते व म्हणून रोहित येतात, असे बरेच अभ्यासक मानतात. ज्या पाण्याने कोळ्यांची मासळी घटवली, त्याच पाण्याने हा पाहुणा आणला असावा, असा हा विचित्र हिशेब आहे.

रोहितांखेरीज शेकाट्या, उचाट्या, कुरव, चित्रबलाक, शराटी, खंड्या व बगळ्यांच्या अनेक जाती येथे दिसतात. चिखलात निवटी उड्या मारतात आणि खेकड्यांची बिळे सर्वत्र असतात. कांदळवनात सोनेरी कोल्हाही राहतो, याची लगतच्या वसाहतींतील पुष्कळ रहिवाशांना कल्पना नसते.

संरक्षण व धोके

पूर्वी तिवराचे लाकूड सरपणासाठी तोडले जाई. पुढे भराव, राडारोडा आणि बांधकामे यांनी त्याहून मोठी हानी केली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवन तोडण्यास व त्याभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामास मनाई केली. २०१२ मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाचा नाश हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भंग असल्याचे न्यायालयाने नमूद केले.

तथापि केवळ झाडे वाचवून रोहित वाचत नाहीत. खाडीत गाळ साचत गेल्याने तिवर उघड्या चिखलपट्ट्यांवर पुढे सरकत आहे, आणि रोहितांना चरण्यासाठी नेमका तोच उघडा चिखल लागतो. शिवाय भरतीच्या वेळी चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा हे पक्षी अभयारण्याबाहेर नेरूळ, सीवूड्स, भांडुप येथील उथळ पाणथळ जागांवर विसावतात. या जागा बुजल्या किंवा त्यांतील भरतीचे पाणी अडले, तर सहा तास बसायचे कोठे, हा प्रश्न अभयारण्याच्या हद्दीत सुटण्यासारखा नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपर परिसरात उतरणाऱ्या विमानाची थव्याला धडक बसून तीसहून अधिक रोहित मृत्युमुखी पडले. त्यानंतर या विश्रांतिस्थानांची चर्चा अधिक ठळकपणे होऊ लागली.

भेट

ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून अभयारण्याची बोटफेरी निघते. ठाणे-वाशी लोहमार्गावरील ऐरोली स्थानकापासून तेथे रिक्षाने जाता येते. बोटी चालवणाऱ्यांमध्ये स्थानिक मच्छीमारही आहेत. खाडीची माहिती त्यांच्याकडून ऐकावी. ती फलकांवरच्या माहितीपेक्षा सरस असते. डिसेंबर ते मार्च हा काळ सर्वांत सोयीचा.

बोटीच्या वेळा घड्याळावर नव्हे, तर भरतीवर ठरतात. पुरेसे पाणी असल्याखेरीज बोट चालत नाही आणि पाणी फार चढले तर चरणारे पक्षी दिसत नाहीत. म्हणून मधली वेळ साधावी लागते. कोकणात यासाठी जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ अदमासे मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, याप्रमाणे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास दुपारी बारा वाजता भरती असते व संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी. या उधाणाच्या दिवसांत चिखल सर्वाधिक उघडा पडतो. अष्टमीच्या भांगाला पाण्याचा चढउतार थोडाच असतो. हा हिशेब ढोबळ आहे. बोटफेरीची वेळ केंद्राकडून आधी विचारून घेणेच योग्य. दुर्बीण सोबत ठेवावी, भडक रंगाचे कपडे टाळावेत आणि थवा उडावा म्हणून आवाज करू नये, कारण उडालेल्या पक्ष्याच्या चरण्याच्या मोजक्या वेळेतला काही भाग त्यामुळे वाया जातो.