कचेरीच्या आधारावरचा फुटबॉल : मुंबई राज्य आणि सुरत

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये अस्तित्वात येईपर्यंत सुरत आणि मुंबई ही शहरे एकाच राज्यात होती, एकाच लोहमार्गाने जोडलेली होती आणि दोन्हींची भरभराट मोठ्या प्रमाणात कापडावर अवलंबून होती. तरीही गुणी फुटबॉलपटूला या खेळाच्या बळावर आयुष्य उभे करण्याची सोय मुंबईतच होऊ शकली. या फरकाचे मूळ गुणवत्तेपेक्षा रोजगाराच्या रचनेत शोधावे लागते.

मुंबईतील फुटबॉलचा पाया ब्रिटिश पलटणींनी घातला. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा पुढे देशातील प्रमुख स्पर्धांपैकी एक ठरली, मात्र तिच्यावर प्रथम भारतीय संघाचे नाव कोरले जाण्यास १९३७ साल उजाडावे लागले आणि तो मान बंगलोर मुस्लिम्स या संघाने मिळवला. स्वातंत्र्यानंतर पलटणींची जागा कंपन्या, रेल्वे आणि गिरण्या यांच्या संघांनी घेतली. खेळाडूला कारकून किंवा कामगार म्हणून नेमायचे, सरावासाठी कामातून सवलत द्यायची आणि सामन्यांत त्याच्याकडून आस्थापनेचे नाव राखायचे, अशी ही व्यवस्था होती. पगार नोकरीचा असल्याने असा खेळाडू ‘हौशी’, म्हणजे खेळाबद्दल मोबदला न घेणारा, मानला जाई आणि म्हणूनच तत्कालीन ऑलिंपिकच्या नियमांतही तो बसत असे.

ही व्यवस्था टिकवण्यासाठी शेकडो माणसांना कामावर ठेवणारा धनी आवश्यक होता. मुंबईत तेलकंपन्या, टाटांसारखे उद्योगसमूह, रेल्वेची कार्यालये आणि सूत कातण्यापासून कापड तयार करण्यापर्यंतची सर्व कामे एका आवारात करणाऱ्या गिरण्या होत्या. सुरतेचे विणकाम मात्र जरीचे कारागीर आणि यंत्रमागांचे लहान कारखाने यांच्यात विखुरलेले होते, आणि मोजक्या मागांच्या मालकाला अकरा खेळाडूंचा संघ पगारावर पोसणे परवडण्यासारखे नव्हते. त्यामुळे व्यापारी संपत्ती विपुल असूनही त्या शहरात फुटबॉलला मुंबईसारखा पगारी आश्रय उभा राहण्यास आर्थिक आधार अपुरा होता.

या व्यवस्थेने घडवलेल्या खेळाडूंमध्ये नेव्हिल डिसूझा यांचे स्थान सर्वांत उंच आहे. गोव्यातील बारदेशातल्या आसगाव येथे १९३२ साली जन्मलेले डिसूझा मुंबईत टाटा आणि कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांकडून आघाडीवर, म्हणजे गोल करण्याची मुख्य जबाबदारी असलेल्या जागी, खेळले. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले, तेव्हा त्यांपैकी तीन गोल त्यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपान्त्य सामन्यात भारत युगोस्लाव्हियाकडून १-४ असा हरला, तरी भारताचा एकमेव गोल डिसूझा यांनीच केला. १९५२ साली हेलसिंकीत बहुतेक अनवाणी खेळलेल्या भारतीय संघाचा याच प्रतिस्पर्ध्याने १०-१ असा पाडाव केला होता, हे ध्यानात घेतले की सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली चार वर्षांत झालेली प्रगती किती मोठी होती ते उमगते. मेलबर्नमध्ये चौथ्या क्रमांकावर राहिलेल्या संघाचे डिसूझा चार गोलांसह स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक होते. १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स चषकही जिंकला.

एवढ्या पराक्रमानंतरही अशा खेळाडूचे जीवन नोकरदाराचेच राहिले. कुटुंबाचा चरितार्थ महिन्याच्या पगारावर चाले, दुखापत झाली किंवा वय वाढले तरी नोकरी शाबूत राहण्याची शाश्वती असे, आणि याच शाश्वतीमुळे मध्यमवर्गीय घरांतील मुले खेळाकडे वळू शकली. याची दुसरी बाजू अशी की जगाने दखल घेतलेल्या कौशल्याचे स्वतंत्र मोल कोणी ठरवले नाही आणि त्याची कीर्ती बहुधा त्याच्या पिढीपुरतीच उरली. डिसूझा १९८० साली निवर्तले. आज त्यांचे नाव क्रिकेटपटूंच्या तुलनेत फार थोड्यांना ठाऊक आहे.

पुढे हा आधारच खचला. कॅल्टेक्सचे राष्ट्रीयीकरण होऊन १९७८ साली ती हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली, जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या झपाट्याने बंद पडत गेल्या, आणि नव्या शतकाच्या आरंभी रोव्हर्स चषक स्पर्धाही थांबली. २०१४ पासूनच्या इंडियन सुपर लीगमध्ये खेळाडूला कराराप्रमाणे मानधन मिळू लागले, पण करार संपल्यावर काय, हा प्रश्न त्याच्यासमोर कायम आहे. म्हणूनच पश्चिम भारतातील फुटबॉलचा इतिहास केवळ गोलांच्या आणि चषकांच्या नोंदींवरून लिहिता येणार नाही. कोणत्या शहरात कोण कोणाला कामावर ठेवत होते, याचा हिशेबही त्यात मांडावा लागेल, कारण नेव्हिल डिसूझांसारखा खेळाडू कोठे घडेल, हे त्या हिशेबाने फार आधीच ठरवलेले असे.