रोबो शिकवणार, चालेल का? विद्यार्थ्यांचं मत असं मोजतात

रोबोबद्दल भीती वाटते की सोय वाटते, आणि कुठल्या कामात, हे ठरवून विचारलेल्या प्रश्नांतून मोजता येतं.

कसं मोजतात?
जपानच्या तात्सुया नोमुरा आणि सहकाऱ्यांनी बनवलेली ‘नार्स’ ही प्रश्नावली यासाठी बरीच वापरतात. तिच्यात १४ विधानं असतात. प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे. विधानांचे गट तीन: रोबोशी थेट संपर्क, समाजावरचा परिणाम आणि भावना दाखवणारा रोबो.

काय दिसतं?
युरोपीय संघाच्या २०१२ च्या पाहणीत ७० टक्के लोकांचं रोबोबद्दल मत चांगलं होतं. तरी ३४ टक्के म्हणाले, शिक्षणात रोबो नकोच. म्हणजे यंत्र आवडणं वेगळं, त्याला गुरुजी मानणं वेगळं.

आपल्याकडे?
मुंबईतल्या केंद्रीय विद्यालयाचे शिक्षक दिनेश पटेल यांनी टाकाऊ वस्तूंपासून ‘शालू’ रोबो बनवली. ती मराठीही बोलते. पण बेंबळीहून धाराशिवच्या विद्यापीठ उपकेंद्रात शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना नुसतं ‘रोबो आवडतो का?’ विचारून भागत नाही. त्यानं उजळणी घेतली तर? पेपर तपासला तर? शिक्षकाची जागा रिकामी ठेवून रोबोच आणला तर? उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. सगळ्यांची एकच सरासरी काढली, की खरी काळजी तिच्यात हरवते.