कचरापेटीतली पोरं

मंडळी, शेंबूड, ओकारी आणि कचरापेटी हे काही चारचौघांत बोलायचे विषय नव्हेत. पण इतिहासाला सोवळे पाळून चालत नाही. १९८५ साली अमेरिकेतल्या मुलांनी खाऊचे पैसे ज्या चित्रांवर उधळले, ती नेमकी याच विषयांची होती. ‘गार्बेज पेल किड्स’ हे त्यांचे नाव. आपल्या बोलीत कचरापेटीतली पोरं.

आधी या चित्रांच्या धंद्याविषयी थोडे सांगतो. आपल्याकडे मुले काड्यापेटीवरचे छाप जमवीत आणि त्यांची अदलाबदल करीत, हे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. अमेरिकेत हा नाद लागला तो सिगारेटमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाकीट चेपू नये म्हणून त्यात पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. त्या तुकड्यावर चित्र छापले, की गिऱ्हाईक फिरून तेच पाकीट मागते, हे कारखानदारांनी हेरले. पुढे सिगारेटची जागा मुलांच्या च्युइंगगमने घेतली. ब्रुकलिनमध्ये १९३८ साली निघालेल्या टॉप्स कंपनीने बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांवर नाव कमावले. मग १९६७ साली तिने ‘वॅकी पॅकेजेस’ काढली. बाजारातल्या नामांकित मालाच्या वेष्टनांची त्यात टिंगल असे. ज्या मालाच्या जाहिराती रात्रंदिवस कानांवर आदळतात, त्याची फजिती पाहायला कोणत्या पोराला आवडणार नाही?

आता बाहुलीकडे वळू. जॉर्जिया राज्यातल्या झेवियर रॉबर्ट्स यांनी कापडी बाळे विकायला काढली. पुढे कोलेको कंपनीने तीच ‘कॅबेज पॅच किड्स’ या नावाने कारखान्यात बनवली. बाळ कोबीच्या वाफ्यात सापडते, असे तिकडे मुलांना सांगत. त्यावरून हे नाव आले. ही बाहुली ‘विकत’ घ्यायची नसे बरे का, ‘दत्तक’ घ्यायची असे! सोबत नाव आणि दत्तकाचा कागद मिळे. १९८३ च्या नाताळात या बाळांसाठी दुकानांतून मोठ्या माणसांनी धक्काबुक्की केली. पोटच्या पोरासाठी बाहुली मिळावी म्हणून शेजाऱ्याला कोपर मारायचे आणि घरी आल्यावर पोराला ‘भांडू नये’ म्हणून सांगायचे! मुलांना हे दिसत नसेल का?

टॉप्समधल्या चित्रकारांना मात्र ते दिसले. ‘कॅबेज’ला ‘गार्बेज’ जुळते. आधी वॅकी पॅकेजेसमधले एक चित्र म्हणून ही कल्पना निघाली, आणि वरिष्ठांना आवडल्यावर तिची स्वतंत्र मालिकाच झाली. पंचवीस सेंटला पाकीट; आत पाच चिकटणारी चित्रे आणि च्युइंगगमची एक पट्टी. पहिल्या मालिकेत ४१ चित्रे होती, सगळी जॉन पाउंड यांनी रंगवलेली. तेच गुबगुबीत गाल, तेच गोंडस हात. पण कोणाचे नाक वाहते आहे, कोणी संडासाच्या भांड्यात बसला आहे. सर्वांत गाजला तो ‘अ‍ॅडम बॉम्ब’: कोटटाय घातलेला एक मुलगा बटण दाबतो आहे आणि त्याच्याच टाळूतून अणुस्फोटाचा ढग वर निघतो आहे. नावात ‘अ‍ॅटम बॉम्ब’वर कोटी आहे. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसल्याचे ते दिवस. ज्या गोष्टीबद्दल थोरांनी मुलांशी बोलणे टाळले, ती एका चार आण्यांच्या चित्राने हसत हसत दाखवली. मला तरी हे चित्र नुसते ओंगळ वाटत नाही.

धंद्याची मेख पुढेच आहे. प्रत्येक चित्र दोन नावांनी छापीत. संडासातला एकदा ‘पॉटी स्कॉटी’, तर एकदा ‘जेसन बेसिन’. म्हणजे ४१ चित्रांसाठी ८२ नग जमवायचे! मुलांनी आपापली नावे शोधली, मित्रांची शोधली आणि, गुरुजी, तुम्ही ओळखलेच असेल, नावडत्यांचीही शोधली. अनेक शाळांनी या चित्रांना बंदी केली. अभ्यासात लक्ष नाही आणि अभिरुची बिघडते, अशी तक्रार होती. अभिरुचीचे सोडा, शेंबडाला पोरे आधीपासूनच हसत होती. पण वर्गातल्या एखाद्या खऱ्याखुऱ्या स्कॉटीला वर्षभर त्या चित्रावरून हाक पडली, तर त्याने काय करावे? चित्र जप्त होते, चिकटलेले नाव जप्त करता येत नाही. बंदी घालणाऱ्यांच्या बाजूने हा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो.

ही चित्रे घडवणाऱ्यांत, मार्क न्यूगार्डन यांच्याबरोबर, आर्ट स्पीगेलमन हे होते. त्यांचे आईवडील पोलंडमधले ज्यू, ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेले. वडिलांची ती हकिगत स्पीगेलमन यांनी उंदीरमांजरांच्या रूपात चितारली. त्या ‘माउस’ ग्रंथाचा पहिला भाग १९८६ साली निघाला आणि १९९२ साली त्यांना पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. पोट भरत होते ते टॉप्सच्या नोकरीवर. एकाच माणसाच्या हातून ही दोन्ही कामे एकाच सुमारास चालली होती.

बाहुलीवाल्यांनी कज्जा केला. आम्ही विडंबन केले, त्याला कायद्याने मुभा आहे, असा टॉप्सचा बचाव. १९८६ साली जॉर्जियातल्या न्यायालयाने तो मानला नाही; हेतू पैसे मिळवण्याचा आहे, असे धरून तात्पुरता मनाई हुकूम दिला. १९८७ मध्ये तडजोड झाली आणि पोरांचे रूप बदलावे लागले. निवाडा समजण्यासारखा आहे, पण त्यातली गंमत पाहा. केंटकी राज्यातल्या मार्था नेल्सन थॉमस या बाईंनी अशाच कापडी बाहुल्या आधी केल्या होत्या, त्यांनाही दत्तकाचा कागद असे. रॉबर्ट्सनी आपली कल्पना उचलली म्हणून त्यांनीही दावा लावला होता आणि तोही न्यायालयाबाहेर मिटला.

त्याच १९८७ साली या पोरांवर चित्रपट निघाला आणि पडला. दूरदर्शनसाठी तयार केलेली मालिका पालकांच्या विरोधामुळे अमेरिकेत दाखवलीच नाही. १९८८ मध्ये चित्रे बंद पडली. २००३ साली ती पुन्हा सुरू झाली. या वेळी गिऱ्हाइकांत पूर्वीची मुले होती, आता पोराबाळांची झालेली. पहिल्या मालिकेतल्या कोऱ्या ‘अ‍ॅडम बॉम्ब’ला आता हजारो डॉलर मोजतात. ज्यांनी तो सोलून दप्तरावर नाहीतर शाळेच्या बाकावर चिकटवला, त्यांच्या हाती मागचा कोरा पुठ्ठा तेवढा राहिला.