बीपी नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करायची का?

मेडशी (ता. मालेगाव, जि. वाशिम) : दवाखान्यात बीपी मोजला, 160 च्या वर निघाला, गोळी सुरू झाली. महिन्यानं परत मोजला तर 130. त्यानंतरचं वाक्य कोणत्याही गावात ऐकायला मिळतं, "नॉर्मल झाला ना, मग गोळी सोडली." गडबड इथंच होते. तो 130 गोळीमुळे आलेला असतो. विहिरीवरची मोटार चालू आहे तोवर पाणी चढतं, बंद केली की थांबतं. बीपीच्या गोळीचंही तसंच आहे. ती आजार मुळासकट काढत नाही, रोजचा दाब रोज खाली धरून ठेवते.

"पण मले तर काहीच तरास नाही," असं म्हणणारे पुष्कळ आहेत. बहुतेकांना तो नसतोच. डोकं दुखलं की बीपी वाढला आणि नाही दुखलं की ठीक, हा हिशेब चुकीचा आहे. वाढलेला दाब मुकाट्यानं मेंदूच्या नसा, हृदय, किडनी आणि डोळे खराब करत राहतो आणि पुष्कळदा पहिलं लक्षण म्हणून थेट लकवाच येतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 वर्षांवरच्या 24 टक्के पुरुषांचा आणि 21.3 टक्के बायांचा बीपी वाढलेला होता किंवा त्यांना गोळी चालू होती. म्हणजे साधारण चार-पाच माणसांमागे एक.

कोणती गोळी, कशासाठी

सरकारी दवाखान्यात बहुतेकदा सुरुवात अॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमनं होते. ही रक्तवाहिन्या सैल करते. तिचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून तिसऱ्याच दिवशी "गोळी लागू पडत नाही" म्हणू नये. तेवढ्यानं भागलं नाही तर टेल्मिसार्टन जोडतात आणि गरज पडली तर क्लोरथॅलिडोन, जी लघवीवाटे जादा मीठ-पाणी बाहेर काढते. दोन गोळ्या लिहून दिल्या म्हणजे आजार हाताबाहेर गेला असं नाही. एकाच गोळीचा डोस वाढवत नेण्यापेक्षा दोन कमी डोसाच्या गोळ्या पुष्कळदा चांगलं काम करतात आणि त्रासही कमी होतो.

ही ठरलेल्या पायऱ्यांची पद्धत 2017 मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातून रुळली. आपल्या राज्यात ती आधी भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आली. मोजक्या गोळ्या, गावाजवळच्या केंद्रात साठा, एका वेळी 30 दिवसांचं औषध आणि जो परत आला नाही त्याला शोधून काढणं, असं हे साधं काम. औषध नवीन नव्हतंच, माणूस ते सोडणार नाही याची सोय नवीन होती.

मेडशीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. आसपासच्या गावांतल्या उपकेंद्रांतही बीपी मोजता येतो. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत. तीस वर्षं झाली असतील तर त्रास नसला तरी एकदा मोजून घ्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा, बिडी, खर्रा नको. पाच मिनिटं टेकून शांत बसा, पाय जमिनीवर ठेवा. सायकल मारत येऊन लगेच हात पुढं केला तर आकडा जास्तच येणार. बहुतेकांसाठी लक्ष्य 140/90 च्या खाली असतं. शुगर किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर त्याहूनही कमी सांगू शकतात.

गोळी सुटते कुठं

पेरणीत आणि सोयाबीन काढणीत. दवाखान्यात जायला दिवस मोडतो, म्हणून महिना जातो, मग दुसराही. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधीच चक्कर मारा, नाहीतर आशाताईंना सांगून ठेवा. एखाद्या दिवशी विसरलात तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका.

काहीजण त्रासामुळे सोडतात, आणि ते समजण्यासारखं आहे. अॅम्लोडिपिननं काहींच्या पायावर सूज येते. उन्हाळ्यात, जुलाब-उलट्यांत किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळीमुळे उठताना चक्कर येऊ शकते. यावर गोळी बदलता येते, डोसही कमी करता येतो, पण ते डॉक्टरांना सांगूनच. अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर अचानक बंद करणं जास्तच धोक्याचं. धडधड वाढते, छातीत दुखू शकतं.

टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर आधीच सांगा, गोळी बदलून मिळते.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. काढणीनंतर कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी आणून आठ-आठ दिवस खाल्ली जाते. ती बीपी वाढवते आणि टेल्मिसार्टन व लघवीच्या गोळीसोबत किडनीवर भार टाकते. मेडिकलवाल्याला "मले बीपी आहे" हे आधी सांगा. शेजाऱ्याची बीपीची गोळी तर घेऊच नका, त्याची शुगर, किडनी, वय सगळं वेगळं असतं.

गोळी चालू असली तरी पापड, लोणचं, वरून घेतलेलं मीठ कमी करावंच लागतं. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही दिवसभराच्या सगळ्या जेवणात मिळून.

लगेच दवाखाना

तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, छातीत दाब येणं. यातलं काहीही झालं तर 108 ला फोन करा. लकव्यात मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. मेडशीहून अकोला किंवा वाशिम गाठायचं म्हणजे वेळ त्यातच जातो. म्हणून झाडपाला, मालिश यात थांबू नका. तोंडात पाणी किंवा बीपीची जादा गोळी घालू नका, ठसका लागतो. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा आणि चालू गोळ्यांची स्ट्रिप व दवाखान्याची चिठ्ठी सोबत घ्या.