हनुवटीची गोष्ट

अंजनेरीचा डोंगर नाशिककरांना नवा नाही. मारुतीराय तिथे जन्मले, अशी इकडची श्रद्धा. बाळ मारुती सूर्याला फळ समजून झेपावला, इंद्राने वज्र हाणले आणि त्याची हनु भंगली. म्हणून तो हनुमान. हनु म्हणजे जबडा. आपली हनुवटीही त्याच शब्दाची लेक.

ही कथा आठवली ती एका मातेमुळे. तिच्या लेकीच्या दातांना तारा बसवलेल्या. परवा चकली खाताना कानाजवळ ‘कट्’ असा आवाज झाला आणि माउलीच्या पोटात गोळा आला. “सर, तारांनी पोरीचा जबडा निखळेल का हो? काढूनच टाकाव्यात म्हणते!”

जबडा निखळण्याचे भय जुनेच. सुश्रुताने निखळलेली हनु जागी बसवून, शेकून ‘पंचांगी’ नावाचा पट्टा बांधायला सांगितले आहे. दात सरळ करण्याची खटपट मात्र पुष्कळ अलीकडची. १७२८ मध्ये फ्रान्सच्या पिएर फोशारने धातूच्या पट्टीला दात बांधण्याची रीत ग्रंथात मांडली. १९०० मध्ये एडवर्ड अँगलने अमेरिकेतील सेंट लुईस शहरी या विद्येची शाळा काढली. त्याच शहरी १९३४ मध्ये जेम्स कॉस्टेन या कानाच्या डॉक्टरांनी लिहिले, की दातांची ठेवण बिघडली तर जबड्याच्या सांध्यावर दाब येऊन कान दुखतो. तेव्हापासून संशयाची सुई दातांकडे वळली. १९८७ मध्ये तर मिशिगनच्या एका न्यायालयात, तारांमुळे सांधा बिघडला म्हणून साडेआठ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली! दंतवैद्यांचे धाबे दणाणले आणि संशोधनाला वेग आला.

कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा. हाडाची गोटी खोबणीत सरकलेली कळेल. दोहोंमध्ये एक चिवट चकती असते. ती किंचित घसरली की ‘कट्’ वाजते. तारा बिचाऱ्या दातांवर काम करतात. दाबाच्या बाजूचे हाड झिजते, मागे नवे भरते, आणि दात महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर सरकतो. गोटी आपल्या खोबणीतच राहते. खालचा जबडा पुढे आणणारे यंत्र एमिल हर्ब्स्टने विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनला दाखवले. त्याने गोटी आरंभी पुढे येते खरी, पण उपचार संपेतो बहुधा पुन्हा खोबणीत बसते.

वेल्समधल्या कार्डिफ शहरात १९८१ पासून १०१८ मुलांची पाहणी झाली. त्यांतली जी वीस वर्षांनी पुन्हा भेटली, त्यांच्यावरून निष्कर्ष निघाला तो असा : तारांनी सांध्याचे दुखणे जडत नाही, आणि टळतही नाही. हे दुखणे ऐन तारुण्यात, त्यातही स्त्रियांत अधिक. तारांचे वयही त्याच्या उंबरठ्यावरचे. म्हणून बिचाऱ्या तारांवर आळ!

मी त्या माउलीला म्हटले, “नुसत्या आवाजाला भिऊ नका. दुखले, तोंड पुरते उघडेना, तर दंतवैद्यांना दाखवा. पण तारा अर्ध्यावर काढू नका.”

चकली मात्र यंदा तिच्या धाकट्या भावाच्या वाट्याला. तारांना ती सोसत नाही. तिच्यासाठी बेसनाचा लाडू आहेच!