एका राहून गेलेल्या अर्जाची गोष्ट

फ्रँक काप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा अमेरिकेतला नाताळचा हक्काचा सिनेमा. आपल्याकडे दिवाळीला फराळ, तसा तिकडे नाताळात हा. त्यामुळे तो १९४६ साली आला तेव्हा धो धो चालला असेल असं कुणालाही वाटेल. छे! चक्क पडला होता. त्याला वर काढलं ते एका राहून गेलेल्या अर्जानं.

आधी गोष्ट सांगतो. बेडफर्ड फॉल्स नावाचं छोटं गाव. जॉर्ज बेलीला जग फिरायचंय, पण वडील जातात आणि त्यांची पतपेढी याच्या गळ्यात पडते. (मूळ नाव 'बिल्डिंग अँड लोन', पण पतपेढी म्हटलं की आपल्याला लगेच सगळं कळतं.) गावचा धनाढ्य पॉटर ती गिळायला टपलेला. नाताळच्या आदल्या दिवशी विसरभोळ्या काकाच्या हातून ८००० डॉलर जातात आणि जॉर्ज जीव द्यायला पुलावर येऊन उभा राहतो. मग एक देवदूत त्याला दाखवतो, की बाबा रे, तू जन्मलाच नसतास तर हे गाव कसं असतं. जॉर्ज झालाय जेम्स स्टुअर्ट. महायुद्धात बॉम्बर विमानं चालवून परतल्यावरचा त्याचा हा पहिलाच सिनेमा. गुत्त्यात बसून तो देवाकडे मदत मागतो तेव्हा समोर नट आहे हे मी तरी विसरतो.

सिनेमातला बर्फ खोटा, शूटिंग भर उन्हाळ्यात. तोवर बर्फ म्हणून रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरायचे, पण ते पायाखाली कुरकुरायचे आणि संवाद नंतर पुन्हा रेकॉर्ड करावे लागायचे. म्हणून इथे आग विझवायचा फेस वापरून नवा, बिनआवाजी बर्फ तयार केला!

एवढं करून काय झालं? खर्च ३० लाख डॉलरच्या वर, ऑस्करची ५ नामांकनं, आणि आरकेओ कंपनीच्या वहीत ५,२५,००० डॉलरचा तोटा. काप्राची लिबर्टी फिल्म्स १९४७ मध्ये पॅरामाउंटला विकली गेली. त्याच वर्षी एफबीआयच्या एका टिपणात नोंद झाली, की यात बँकवाल्याला खलनायक केलंय, ही कम्युनिस्टांची चाल आहे. असो.

आता तो अर्ज. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात कॉपीराइट २८ वर्षं चालायचा, पुढे हवा तर नूतनीकरण करायचं. १९७४ मध्ये या सिनेमाचं ते राहून गेलं. फुकटात सिनेमा मिळतोय म्हटल्यावर टीव्ही स्टेशनांनी नाताळात तो मनसोक्त लावला. कधी एकाच दिवसात दोन-तीन चॅनेलांवर, झिजलेल्या प्रती, वाटेल तशी काटछाट. तरी लोक बघत राहिले.

मला याचं नवल वाटत नाही, कारण मी आयुष्यातला पहिला सिनेमा असाच पाहिला. पुसेगावच्या यात्रेत, तंबूत. २००३ ची थंडी, मी सहा वर्षांचा, आजीच्या शालीत. 'माहेरची साडी' लागला होता, म्हणजे तोवर बारा वर्षं जुना झालेला. प्रोजेक्टर ट्रकमध्ये, आम्ही खाली पोत्यावर, पडद्यावर पावसासारख्या रेघा. मध्येच रीळ तुटलं. शिट्ट्या, आरडाओरडा! जोडून सुरू केलं तर मधला तुकडाच गायब. तो आजीनं मला तोंडी सांगितला, शेजारच्या चार बायकांनाही ऐकू जाईल असा. ती चौथ्यांदा बघत होती. रडायची जागा यायच्या आधीच तिचा पदर डोळ्याला लागलेला असायचा. मला गोष्ट फारशी कळली नाही, पण पुढचं माहीत असल्यानं तिची मजा कमी होत नव्हती, वाढत होती, हे दिसत होतं.

अमेरिकेत टीव्हीनं नेमकं हेच केलं. थेटरात एकदा बघून विसरलेला सिनेमा घरोघरी पाठ झाला. मालक नसल्याचा तोटाही होता म्हणा. ८० च्या दशकात या कृष्णधवल सिनेमाच्या रंगवलेल्या आवृत्त्या निघाल्या. म्हाताऱ्या स्टुअर्टनं जाहीर विरोध केला, पण कुणाची परवानगी लागतच नव्हती.

यातली गंमत सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल. सिनेमा मोकळा झाला, पण तो ज्या कथेवर उभा होता ती मोकळी नव्हती. फिलिप व्हॅन डोरेन स्टर्ननं ती लिहिली, कुणी छापेना म्हणून १९४३ मध्ये २०० प्रती स्वतः छापून नाताळची भेट म्हणून वाटल्या. तिच्या हक्कांचं नूतनीकरण वेळेवर झालं होतं. म्हणजे आपला कोड फुकट, पण आतल्या लायब्ररीचं लायसन्स शाबूत! १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हिचकॉकच्या 'रिअर विंडो'च्या खटल्यात मूळ कथेचा हक्क सिनेमावरही चालतो असा निकाल दिला. त्या खटल्याचं नाव 'स्टुअर्ट विरुद्ध अबेंड', आणि त्यातला स्टुअर्ट हाच, आपला जॉर्ज बेली. त्या निकालाच्या आधारे १९९३ मध्ये रिपब्लिक पिक्चर्सनं कथेचे आणि संगीताचे हक्क पुढे करून फुकटचे खेळ बंद पाडले. १९९४ पासून तो एनबीसीवर दिसू लागला, तोही वर्षातून एखाद-दोनदाच. काप्रा तोवर गेला होता, १९९१ मध्ये. पण पडलेला सिनेमा घरोघरी पोचलेला त्यानं पाहिला होता.